मानकऱ्याचा नातू

नाथाजीशेठची मान एकदा सगळ्या गावासमोर खाली जावी, एवढंच मी देवाकडे मागत होते. माणसं सिद्धनाथापुढे उभी राहून सुख मागतात, पाऊस मागतात, पोरंबाळं मागतात. मी हात जोडायची ते या एका माणसाचं वाईट चिंतायला. सासूबाई म्हणायच्या, देवळात तरी तोंड गोड ठेव. पण जे पोटात होतं तेच ओठावर येणार. देवाला काय कळत नव्हतं होय माझ्या मनातलं?

आमचं गाव वडूज आणि आटपाडीच्या मधल्या माळावर. अर्धं रान साताऱ्यात, अर्धं सांगलीत, आणि पाऊस कुठल्याच जिल्ह्याला नीट पडत नाही. म्हणून घरटी एक माणूस बाहेर. कुणी फौजेत, कुणी गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. आमच्याकडची माणसं त्यापायी पार केरळापासून पंजाबापर्यंत जाऊन बसली आहेत. नाथाजीशेठ कोइमतूरला होते. उभी हयात तिकडे गेली, धंदा वाढला, तो थोरल्या मुलाच्या हाती देऊन ते गावी परतले आणि फाट्यावर त्यांनी इंग्लिश मीडियमची शाळा काढली. दुमजली इमारत, दारात पिवळ्या बसगाड्या, पोरांच्या गळ्यात टाय. त्यांच्या धाकट्या मुलाचा पोरगा ऋषिराजही त्याच शाळेत होता.

मी या गावची लेकही आणि सूनही. माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या. नवरा वीरधवल फौजेत, त्या वर्षी अरुणाचलात. त्याचं फोनवर एकच टुमणं, पोरगी इंग्लिश मीडियमलाच जाणार. तसं तर सगळ्या गावाचंच तेच टुमणं होतं. तेव्हा आमची प्राची टाय लावून पिवळ्या बसमधून जायला लागली.

पहिलीच्या वर्गात तिचं अक्षरांशी जमेना. एकसारखी दिसणारी अक्षरं तिला खरंच एक वाटायची, आणि ओळीत पुढे जाता जाता ती मागच्या शब्दावर परत यायची. गाणी तोंडपाठ, हिशोब तोंडी बरोबर, पण फळ्यावरचं वाच म्हटलं की अडलीच. बाई तिला उभं करायच्या आणि पोरं हसायची. दिवाळीची सुट्टी संपली आणि मला शाळेतून बोलावणं आलं. मला वाटलं, शिकवणीचं काहीतरी सांगतील.

ऑफिसात शेठ स्वतः बसले होते. प्राचीला माझ्या शेजारी उभं केलं होतं. खुर्ची होती, पण तिला बस असं कुणी म्हणालं नाही. शेठ मला लहानपणापासून ओळखणारे, माझ्या वडलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बोलले.

"हे बघ दीपाली, आमच्या शाळंचा एक दर्जा हाय. शंभर टक्के रिझल्टचा बोर्ड मी फाट्यावर उगीच लावला न्हाई. तुझी पोरगी त्यात बसत न्हाई. तिला झेडपीत घाल. तिथं कायबी चालतंय."

मी म्हटलं, काका, सहा वर्षांचं पोर आहे, थोडं थांबा. ते म्हणाले की ही धर्मशाळा नाही. दाखला तयारच होता. प्राची सगळं ऐकत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. त्या वेळी माझ्या अंगाचा जो भडका उडाला तो आजही शांत झालेला नाही, आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तोवर ही पोरगी आपल्या हातानं गणवेश घालून, टाय लावून, पिंपळाखाली बसची वाट बघत उभी. सांगितलेलं तिला कळलं नव्हतं असं नाही. आपण नीट तयार होऊन वेळेवर उभं राहिलो तर घेतील, असं तिला वाटलं असणार. बस आली. ड्रायव्हरनं तिला बघितलं, जरा हळू केलं आणि तसाच पुढे गेला. खिडकीतून पोरं बघत होती. मी धावत गेले आणि तिला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोरगी कडेवर घेऊन मी सगळ्या गावातून चालत आले. तिथल्या तिथं मी ठरवलं की हे मी फेडणार.

गावातल्या झेडपीच्या शाळेत तेव्हा चारी वर्गांची मिळून मूठभर पोरं होती. धनगराची, मजुराची, एक वीटभट्टीवरचं. मास्तर एकच, गोमटेश चौगुले. सांगलीकडचा जैन माणूस, उसाच्या पट्ट्यातून बदली होऊन या माळावर आलेला. आमच्याकडचं मटण-भाकरीचं बोलावणं नाकारता नाकारता बिचारा दमून जायचा. मी प्राचीला घेऊन गेले तेव्हा मला वाटलं की हेही विचारतील, तिकडून का काढली. त्यांनी तिचं नाव विचारलं, चटईवर जागा करून दिली आणि मला म्हणाले, ताई, डबा नको, इथं दुपारी खिचडी असते.

मी दारात घुटमळले. मग मीच सांगून टाकलं की हिला वाचता येत नाही. ते म्हणाले, येत असतं तर इथं आणली कशाला असती?

त्यांनी तिला पुस्तक दिलंच नाही. चिंचोके दिले. जमिनीवर खडूनं मोठं अक्षर काढायचं आणि तिनं त्यावर चिंचोके मांडत जायचं. एका अक्षरावर दोन-दोन दिवस गेले तरी त्यांना घाई नव्हती. थंडी सरता सरता पोरगी दुकानावरच्या पाट्या वाचायला लागली. अडखळत, मागे येत, पण वाचायला लागली. घरी येऊन सासूबाईंना म्हणाली, आजी, आपल्या पिठाच्या डब्यावर डालडा लिहिलंय. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली.

सरकारवर माझा जीव आहे असं कुणी समजू नये. त्याच हिवाळ्यात चौगुले सरांना कसल्या कसल्या कामांना पळवत होते. कधी मतदारयाद्या, कधी सर्व्हे, कधी तालुक्याला मीटिंग. शाळेला कुलूप आणि पोरं पटांगणात. स्वच्छतागृहाला दार नव्हतं, कौलं फुटलेली, अर्ज करून करून सर थकले होते. तेव्हा सरकारला मी शेठइतक्याच शिव्या घातल्या आहेत.

आणि मग होळीच्या आसपास बातमी आली की आमची शाळा बंद होणार. पट कमी. पुढच्या जूनपासून पोरांनी ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात जायचं. जायला एसटी नाही, ओढ्यावर पूल नाही. धनगराच्या पोरी घरी बसणार हे उघड होतं. आणि प्राचीला पुन्हा एकदा उठवणार. नवीन गाव, नवीन वर्ग, पुन्हा उभं राहून वाचायचं आणि पुन्हा हसं व्हायचं. माझ्या डोळ्यांपुढे तो पिंपळ यायचा.

बंद होणाऱ्या शाळेची इमारत आणि पटांगण शेठना हवं होतं. लहान पोरांचा विभाग गावात आणायचा म्हणत होते. त्यासाठी ग्रामसभा भरली. शेठ बोलायला उठले. माणूस बोलायला हुशार, हे मी कबूल करते. त्यांचं म्हणणं असं की सरकारनं रस्ते करावेत, पाणी द्यावं, चोर पकडावेत. पोरं शिकवणं हे त्याचं कामच नाही. ज्याचं पोर त्याला काळजी, आणि ज्याची शाळा त्याला अब्रूची भीती. सरकारी मास्तराला ना काळजी ना भीती, पगार ठरलेला. मग त्यांनी सभेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्यातल्या कुणाचं पोरगं हाय झेडपीत? हात वर करा." ज्यांची पोरं होती ती माणसं मजुरीला गेली होती. बसलेल्यांत माझा एकटीचा हात वर गेला. शेठ माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, तुझं वेगळं हाय. सभा पण हसली.

त्यांचं अर्धं खरं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त झोंबलं. कुलूप मीही बघितलं होतं. पण एक गोष्ट त्या सभेत कुणी बोललं नाही आणि मलाही तेव्हा नीट मांडता आली नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला उठ म्हणू शकतो. शेठनी माझ्या पोरीला उठवलं तेव्हा, कायद्यात काहीही लिहिलेलं असो, मी कुणाकडेही दाद मागू शकले नाही, शाळा त्यांची होती. चौगुले सरांनी तिला घेतलं ते उपकार म्हणून नाही, नाही म्हणायची त्यांना परवानगीच नव्हती. गावात असं एक तरी दार पाहिजे की जे कुणालाही नाही म्हणू शकत नाही. घरी आल्यावर मी हे सगळं भाकरीच्या पिठाला सांगितलं. ठराव पुढच्या सभेवर, म्हणजे जत्रेनंतर गेला.

जत्रा चैत्रात. आणि त्या वर्षी मान शेठच्या घराण्याकडे होता.

आमच्या जत्रेची एक रीत आहे, ती सांगायला हवी. पालखी उठायच्या आधी मानकरी आणि त्याची बायको देवळाच्या पायरीशी उभी राहतात आणि गावच्या लेकींची ओटी भरतात. सासरहून आलेल्या, गावातच दिलेल्या, म्हाताऱ्या, कोवळ्या, सगळ्या लेकी रांगेनं येतात. मानकऱ्याची बायको खण-नारळ पदरात घालते आणि मानकरी हात जोडून विचारतो, माय, काय पायजे? लेक म्हणते, पावलं. म्हणजे सगळं मिळालं, काही मागणं नाही. तिनं कुंकू लावायचं आणि पुढे सरकायचं. शेवटची लेक पावलं म्हणेपर्यंत पालखी उठत नाही. रीत अशी की लेकीनं मागितलं तर मानकऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण मागत कुणीच नाही. विचारायचं ते विचारण्यापुरतं आणि सांगायचं ते सांगण्यापुरतं.

हे सगळं हळू आवाजात चालतं. वाजंत्री थांबवतात, मानकरी लेकीपुढे वाकून जवळजवळ कानातच विचारतो. पुरुष मंडळी लांब मंडपात असतात, त्यांना काही ऐकू जात नाही. शेठनी हे कधी जवळून बघितलंच नव्हतं. पंचवीस वर्षं ते जत्रेला यायचे ते गाडीतून उतरून थेट कुस्तीच्या फडावर, फेटा बांधून घ्यायला. त्यामुळे मान घरी आल्यावर त्यांनी आपल्या डोक्यानं त्यात सुधारणा केली. शर्टाला लावायचा बारका माईक आणला. कोइमतूर, कोची, जालंधर, जिथं जिथं गाववाले आहेत तिथं मोबाईलवर दिसावं म्हणून कॅमेरावाला आणला. पहिल्या लेकीपुढे हात जोडून ते बोलले आणि चारी कर्ण्यांतून आवाज घुमला, "माय, काय पायजे?"

म्हातारी गडबडली. पावलं म्हणाली, तेही कर्ण्यातून सगळ्या माळावर गेलं. मंडपातले पुरुष वळून बघायला लागले. शेठना ते आवडलं. दुसऱ्या-तिसऱ्या लेकीला ते आणखी मोठ्यानं विचारायला लागले, हात पसरून. लाजू नका माय, देवाच्या दारात हाय, मागा काय मागायचं ते.

मी रांगेत मध्यावर होते. हे मी आधी ठरवून गेले होते असं नाही. मी ओटी घ्यायला गेले होते, कारण ती देवाची असते. पण तो आवाज जसजसा ऐकत गेले तसतसं मागायचं ते माझ्या मनात जुळत गेलं. कानात विचारलं असतं आणि मी काही बोलले असते, तर शेठच्या बायकोनं, संयोगिताकाकीनं, गप गं म्हणून मला पुढे ढकललं असतं आणि ते तिथंच जिरलं असतं. या माणसानं स्वतःच्या हातानं सगळ्या गावाचे कान माझ्या तोंडाजवळ आणून ठेवले होते.

माझी पाळी आली. काकीनं पदरात नारळ घातला. शेठनी मला ओळखलं, त्यांच्या डोळ्यांत जरा काहीतरी हललं, पण कॅमेरा चालू होता. "माय, काय पायजे?"

मी पदरातला नारळ काढून परत ताटात ठेवला.

"न्हाई पावलं, काका."

शेठ हसले आणि म्हणाले, सांग की मग. मी त्यांच्या छातीवरच्या माईककडे बघून बोलले, म्हणजे एक शब्दही वाया जायला नको.

"तुमच्या शाळंत माझ्या पोरीला जागा न्हाई. सरकारच्या शाळंत तुमच्या नातवाला जागा हाय. ऋषिराजला गावातल्या झेडपीत घाला. रोज तुमी स्वतः हाताला धरून आणायचं. चौथीपतुर. मग म्हणते पावलं."

शेठनी माईकवर हात ठेवला, पण त्यानं फक्त खरखर वाढली. खालच्या आवाजात म्हणाले, दुसरं काय तरी माग, सोन्याचं डोरलं माग. तेही खरखरीसकट सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, डोरलं माझ्या नवऱ्यानं केलंय.

सासूबाई, रंगूबाई त्यांचं नाव, बायकांच्या घोळक्यात होत्या. त्या पुढे येऊन माझा दंड धरून ओढायला लागल्या, की चल, येड लागलंय तुला. पण त्या सून, लेकींच्या रांगेत त्यांना बोलायचा हक्क नाही, हे त्यांना पुजाऱ्यानंच सांगितलं. माझ्या मागे उभी असलेली बाई पालावरच्या धनगराची लेक होती, तिच्या दोन नाती आमच्या शाळेत जात होत्या. ती तिथंच खाली बसली. तिच्या मागची बसली. मग रांगच्या रांग बसली. सांगलीत बंगला असलेल्या, मोटारीतून आलेल्या लेकीसुद्धा बसल्या. त्यांना झेडपीचं काय पडलं होतं? पण लेकीचं मागणं परत जातंय म्हटल्यावर त्यांनाही आपापलं काहीतरी आठवलं असणार.

ऊन वर आलं. भोई पालखीच्या दांड्याशी उभे, घामानं निथळत. पुजारी म्हणाला, शेठ, येळ टळायला लागलीया. मंडपातून कुणी तरुण पोरगा ओरडला, काका, ग्रामसभेत हात वर करायला लावत हुता न्हवं, आता तुमी करा. माणसं हसली. तेव्हा हसलेली सभा माझ्यावर हसली होती, ही शेठवर हसली. मला ते इतकं गोड लागलं की मी ओठ चावून धरले.

शेठच्या मानेवरून घाम ओघळत होता. ते देवाकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडे बघत होते. "घालतो," ते म्हणाले.

"कर्ण्यात सांगा, काका."

"घालतो. नातवाला झेडपीत घालतो. स्वतः आणतो."

मी ताटातला नारळ उचलून पदरात घेतला आणि पावलं म्हणाले. बायका उठल्या, उरलेल्या लेकींनीही ओटी घेऊन भराभर पावलं म्हटलं. पालखी उठली तेव्हा गुलालात शेठचं तोंड दिसेना.

जत्रेची पाहुणी मंडळी पांगल्यावर संयोगिताकाकी आमच्या घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, प्राचीला आमी परत घेतो, वेगळी बाई लावतो तिच्यासाठी, एक पैसा नको. तू फक्त पारावर येऊन सांग की मी रागात बोलले, ऋषीला मोकळा करते. सासूबाईंनी लगेच पदर सावरून हो म्हणायला सुरुवात केली. वीरधवलला फोन लागला, तोही म्हणाला, घे की, अजून काय पाहिजे तुला? माणूस नमलाय.

मला काय पाहिजे ते मला चांगलं माहीत होतं. मी काकीला म्हटलं, "काकी, आज तुमची मर्जी हाय म्हणून ती आत. उद्या मर्जी फिरली की ती पिंपळाखाली. माझ्या पोरीला मर्जी नको." काकी रडली. म्हणाली, त्या लेकराचं काय चुकलं गं? सासूबाईंनीही तोच प्रश्न विचारला. खरंच, सात वर्षांच्या पोराचं काय चुकलं होतं? पण माझ्या पोरीचं काय चुकलं होतं, हे विचारायला माझ्या दारात कुणीच आलं नव्हतं. मी काकीला कुंकू लावून वाटेला लावलं.

शब्द फिरवायची शेठची छाती झाली नाही. व्हिडिओ जालंधरपर्यंत गेला होता. जून महिन्यात शाळा उघडली त्या सकाळी ते आले. पांढरे कपडे, पायांत कोल्हापुरी, आणि हाताला ऋषिराज, बिनटायचा. सगळी आळी दारात उभी. चौगुले सरांनी दोघांना नमस्कार केला आणि पोराला आत घेतलं. शेठ म्हणाले, ह्याला पुढं बसवा. सर म्हणाले, इथं चारी वर्ग एकत्र असतात, जागा असेल तिथं बसायचं. जागा प्राचीशेजारी होती. तिनं आपली चटई जराशी सरकवली. ऋषिराज बसला आणि रडायला लागला. खरं सांगायचं तर त्याला उचलून घ्यावं असं वाटलं. पण मी पाय उचलला नाही.

आणि मग गंमत झाली. शेठच्या नातवाला जे चालतं ते आपल्या पोराला का चालू नये, असं लोकांना वाटायला लागलं. फीच्या नावानं आधीच बोटं मोडत होते, त्यांना निमित्त मिळालं. पिवळ्या बसमधून पोरं गळायला लागली आणि चटया कमी पडायला लागल्या. शाळा बंद करायचा कागद तालुक्यालाच राहिला, ग्रामसभेत इमारतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

एकदा चौगुले सरांना परत कसल्या तरी सर्व्हेला पाठवलं. शेठ नातवाला घेऊन आले तर दाराला कुलूप. त्यांनी तिथंच पटांगणात उभं राहून तालुक्याच्या साहेबाला फोन लावला. मी पाणी भरत होते, घागर तशीच ठेवून ऐकत राहिले. शेठ लाल झाले होते. पोरांना वाऱ्यावर सोडता का, मास्तर द्यायचं काम सरकारचं न्हाई तर कुणाचं, आमी काय आमच्या घरचा मास्तर आणायचा का, असं सगळं ते त्या फोनमध्ये ओरडत होते. त्याच आठवड्यात दुसऱ्या बाई हजर झाल्या. स्वच्छतागृहाला दार लागलं. सरांनी इतके अर्ज केले होते, ते कुणी वाचलेसुद्धा नव्हते. सरकार मेलेलं नव्हतं, त्याला फक्त आमच्यासारख्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. शेठचं पोर आमच्या पोरांबरोबर त्याच कुलपाबाहेर उभं राहिलं, तेव्हा ते जागं झालं. हे कळल्यावर तर माझा राग दुप्पट झाला.

ऋषिराज आता रडत नाही. प्राची त्याला मराठी बाराखडी शिकवते, आणि चुकलं की हसतेसुद्धा. मी तिला रागावत नाही.

परवा शेठ त्याला सोडून परत निघाले होते. उन्हाचं चालत आल्यामुळे धाप लागलेली. मी दारात धान्य निवडत होते. ते थांबले. इतक्या दिवसांत ते माझ्याशी बोलले नव्हते. म्हणाले, "शाळा वाचली तुझी. माझ्या दोन बसगाड्या विकल्या मी. पोरगी वाचाय लागली. झालं न्हवं समाधान? आता तरी मला सोड. गुडघं दुखत्यात. उद्यापासनं गडी आणील त्याला."

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारे दिसत होते. एक सूप धान्य निवडून होईपर्यंत मी त्यांना तसंच उभं ठेवलं.

"आवं काका," मी म्हटलं, "ऋषी आता कुठं दुसरीत हाय."

ते धोतराचा सोगा सावरून चालायला लागले. वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले आणि मग दुसरं सूप घेतलं.